मांजराच्या कानातील संसर्ग : आधी पाहणी, मग नमुना, मग सफाई आणि शेवटी औषध

मांजर कान खाजवू लागले की बहुतेक घरांत गोष्टी एकाच क्रमाने घडतात. पहिल्या दिवशी कान इअरबडने पुसला जातो, दुसऱ्या दिवशी घरात उरलेल्या बाटलीतले थेंब टाकले जातात, आठवडाभरात कोणी तरी सुचवले म्हणून कोमट तेल सोडले जाते, आणि मांजराने मान एका बाजूला कलती धरली की मग त्याला दवाखान्यात नेले जाते. तोवर डॉक्टरांनी पाहावे असे कानात फारसे काही उरलेले नसते. मळ पुसला गेलेला असतो, राहिलेल्यावर तेलाचा थर बसलेला असतो, आणि सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीवर जे जंतू दिसायला हवेत ते अर्धवट औषधाने दबलेले असतात. नाशिकमधील ओळखीचे मांजरपालक कानाची तक्रार घेऊन येतात, तेव्हा दहांपैकी बहुतेकांच्या बाबतीत औषध चुकलेले नसते, क्रम चुकलेला असतो. म्हणून हा लेख क्रमाविषयी आहे. घरी काय करावे, काय मुळीच करू नये, आणि दवाखान्यात कोणती गोष्ट आग्रहाने करवून घ्यावी, हे त्यात टप्प्याटप्प्याने सांगितले आहे.

## सुरुवात करण्यापूर्वी दोन गोष्टी समजून घ्या

पहिली गोष्ट कानाच्या रचनेची. मांजराची कर्णनलिका पाळीपासून आधी खाली उतरते आणि मग आत वळते. त्या वळणाच्या टोकाला कानाचा पडदा असतो आणि पडद्यामागे मध्यकर्णाची पोकळी. वरून टॉर्च मारली तर फक्त खाली उतरणारा भाग दिसतो, वळणापलीकडचे काही दिसत नाही. निरोगी कानात पडद्याकडची त्वचा हळूहळू बाहेरच्या दिशेने सरकत असते आणि मळही आपोआप बाहेर आणत असते. त्यामुळे निरोगी मांजराच्या कानाला ठरावीक सफाईची गरज नसते. दर रविवारी कान पुसण्याची सवय असेल तर ती बंद करावी, कारण सतत पुसल्याने आतली नाजूक त्वचा चिडते आणि नसलेला आजार सुरू होऊ शकतो.

दुसरी गोष्ट सूक्ष्मजीवांची. निरोगी कान निर्जंतुक नसतो. तिथे मॅलासेझिया नावाचे यीस्ट (एक प्रकारची बुरशी) आणि स्टॅफिलोकॉकस गटातील काही जीवाणू थोड्या संख्येने राहतातच, आणि त्यांचा त्रास होत नाही. कानात सूज आली, मळ साचला, ओलावा वाढला किंवा नलिका अरुंद झाली की याच रहिवाशांची संख्या बेसुमार वाढते. पुढे स्यूडोमोनाससारखे चिवट जीवाणूही येऊन बसू शकतात. म्हणजे मांजरांमध्ये जंतूंची वाढ हा बहुतेक वेळा दुसऱ्या कशाचा तरी परिणाम असतो. मूळ कारण कानातील माइट (कानात राहणारे बारीक परजीवी), ॲलर्जी, नलिकेतील किंवा मध्यकर्णातील मांसल गाठ (पॉलिप), आत शिरलेले कुसळ किंवा वयस्क मांजरात अर्बुद (ट्यूमर), यांपैकी काही तरी असते. जंतू मारले आणि कारण तसेच ठेवले, तर थेंब बंद झाल्यावर काही आठवड्यांत कान पुन्हा पहिल्यासारखा होतो. तक्रार पुन्हा उद्भवली की लोक “औषध लागू पडले नाही” असे म्हणतात. खरे तर औषधाने आपले काम केलेले असते.

## टप्पा १ : साहित्य, वेळ आणि वही

कानाला हात लावण्यापूर्वी सगळे साहित्य ताटात मांडून घ्यावे. मांजर एकदा धरल्यावर गॉज शोधायला उठावे लागले, तर त्या दिवशी पुन्हा ते हाती लागत नाही. लागणाऱ्या वस्तू अशा : बारीक झोताची टॉर्च, गॉजचे चौकोनी तुकडे, जाड पंचा किंवा टॉवेल, हातमोजे, मोबाइलचा कॅमेरा, मांजराच्या आवडीचा खाऊ आणि एक वही. कान धुण्याचे द्रावण या यादीत मुद्दामच घातलेले नाही. ते कोणते घ्यायचे हे तिसऱ्या टप्प्यानंतर ठरते. इअरबड लागत नाहीत. घरात असतील तर दूर ठेवावेत, कारण इअरबड मळ बाहेर काढत नाही. तो मळ वळणापर्यंत ढकलून तिथे त्याचे बूच तयार करतो.

मांजराचे वजन वहीत लिहावे. आधी स्वतः वजनकाट्यावर उभे राहावे, मग मांजराला कडेवर घेऊन उभे राहावे आणि फरक काढावा. माइटवरील औषधाची मात्रा वजनावर ठरते. साडेतीन किलोच्या मांजराला “अंदाजे पाच किलो” असे सांगून आणलेले औषध चुकीचे ठरते.

वेळ जेवणानंतरची, घर शांत असतानाची निवडावी. दिवाळीच्या फटाक्यांच्या दिवसांत किंवा शेजारी ढोलपथकाचा सराव सुरू असताना हे काम करू नये. त्या वेळी मांजर आधीच बिथरलेले असते आणि आपण जे पाहतो ते दुखण्याचे लक्षण की भीतीचे, हे कळत नाही.

## टप्पा २ : घरची पाहणी

पाहणी लांबून सुरू करावी. मांजर चालत असताना, उडी मारताना, खाताना दोन दिवस नुसते पाहावे. ते मान कलती धरते का, एकाच बाजूला वळते का, कोरडे अन्न चावताना मध्येच थांबते का, कोणता कान पायाने खाजवते आणि दिवसातून साधारण किती वेळा डोके झटकते, हे लिहून ठेवावे. एक छोटी चित्रफीत काढून ठेवावी, कारण दवाखान्याच्या टेबलावर मांजर दगडासारखे बसते आणि घरी जे करते त्यातले काहीच करत नाही.

मग जवळून पाहावे. आधी चांगला वाटणारा कान, नंतर बिघडलेला. चांगल्या कानाशी तुलना केल्याशिवाय बिघाड किती आहे हे समजत नाही, आणि दुखऱ्या कानापासून सुरुवात केली तर मांजर दुसरा कान दाखवतच नाही. पाळीची बाहेरची बाजू, कडा, आतली बाजू आणि शेवटी नलिकेचे तोंड, असा क्रम ठेवावा.

नव्या मांजरपालकांना दोन गोष्टी आजारासारख्या वाटतात. पाळीच्या बाहेरच्या कडेला, बुडाशी एक छोटी दुहेरी घडी असते. ती जखम किंवा चीर नव्हे, प्रत्येक मांजराला ती असते. डोळा आणि कान यांच्यामधील विरळ केसांचा पट्टाही नैसर्गिक आहे. मात्र त्या पट्ट्यावर ओरखडे, खपल्या किंवा गोल टक्कल दिसले तर ते वहीत लिहावे. गोल टकलाची शंका आली तर हातमोजे घालावेत, कारण नायट्याची बुरशी मांजरापासून माणसाला लागते.

मळाचा रंग आणि वास दिशा दाखवतात, निदान करत नाहीत. कॉफीच्या चुऱ्यासारखा काळपट, कोरडा मळ असेल तर माइटची शक्यता मोठी असते. तपकिरी, मेणचट आणि आंबूस वासाचा मळ यीस्टकडे बोट दाखवतो. पिवळा किंवा हिरवट, ओला आणि दुर्गंधी असलेला स्राव म्हणजे पू, आणि त्यात जीवाणूंचा हात असतो. पण यीस्टनेही मळ काळा होतो आणि माइट असलेल्या कानात जीवाणूही वाढतात. त्यामुळे रंग पाहून मेडिकलमधून औषध आणणे म्हणजे नाणेफेकच होय.

माझ्या अनुभवात रंगाहून अधिक उपयोगी माहिती दुसरीच आहे : त्रास एका कानाला आहे की दोन्ही कानांना. दोन्ही कान सारखेच बिघडले असतील तर माइट किंवा ॲलर्जी आधी तपासावी. एकच कान बिघडला असेल, तर मांजर तरुण असल्यास मांसल गाठ, वयस्क असल्यास अर्बुद, आणि कोणत्याही वयात कुसळ, या तीन शक्यता बाजूला काढल्याशिवाय थेंबांवर समाधान मानू नये. पावसाळा संपला की म्हसरूळच्या टेकड्यांवर आणि पांडवलेणीच्या उतारांवर कुसळी गवत वाळते. त्याच्या काटेरी टोकांची रचनाच अशी असते की ते एकदा केसांत शिरले की पुढेच सरकत राहते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बाहेर फिरून आलेले मांजर अचानक एकच कान झटकू लागले, तर सर्वांत आधी कुसळाचा विचार करावा.

आमच्या घरातील एका मांजरीच्या बाबतीत मी हीच खूण दुर्लक्षिली. तिचा फक्त डावा कान वाहत होता, झोपेत तिचा श्वास घरघरत असे, आणि मी दीड महिना दोन वेगवेगळ्या बाटल्यांमधले थेंब टाकत राहिलो. मध्यकर्णातून उगवलेली मांसल गाठ घशाकडेही वाढते आणि त्यामुळे श्वास घरघरतो, हे मला तेव्हा माहीत नव्हते. गाठ काढल्यावर तिचा कान कोरडा झाला; थेंबांनी तो कधीच झाला नसता.

सावधान : पुढीलपैकी काहीही दिसले तर घरी काही करू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. मान सतत कलती राहणे, चालताना झोक जाणे, डोळ्यांची बुबुळे आपोआप एका दिशेला झटके घेणे, एकाच डोळ्याची बाहुली लहान होऊन आतला पांढरा पडदा वर येणे, चेहऱ्याची एक बाजू लोंबणे, तोंड उघडताना किंचाळणे, कानातून रक्त येणे, किंवा पाळी उशीसारखी फुगणे. पाळी फुगली म्हणजे खाजवून आत रक्त साचलेले असते. ते घरी सुईने काढू नये. मांजराने चोवीस तास काही खाल्ले नसेल तर तेही या यादीत धरावे, कारण उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचून दुसरेच संकट उभे राहते.

## टप्पा ३ : दवाखान्यातील नमुना

सर्वांत जास्त वेळा गाळला जाणारा टप्पा हाच. आणि पुढचा सगळा उपचार याच टप्प्यावर उभा असतो.

दवाखान्यात जाण्यापूर्वी दोन-तीन दिवस कान पुसू नये, धुऊ नये, त्यात काहीही टाकू नये. कान घाणेरडा दिसतो म्हणून लाज वाटून लोक निघण्याच्या दिवशी सकाळी तो स्वच्छ करतात. त्याने पुरावाच पुसला जातो. आधी काही टाकलेले असेल तर ते लपवू नये, बाटली सोबत न्यावी.

डॉक्टरांकडून दोन गोष्टी होणे आवश्यक आहे. एक, कानात पाहण्याच्या दुर्बिणीने नलिका आणि शक्य असल्यास पडदा पाहणे. दोन, कापसाच्या काडीवर मळ घेऊन तो काचपट्टीवर पसरवणे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. खरे तर दोन काचपट्ट्या लागतात. पहिल्या पट्टीवर मळ द्रवरूप पॅराफिनच्या थेंबात मिसळून कमी वर्धनाखाली माइट आणि त्यांची अंडी शोधतात. दुसरी पट्टी वाळवून रंगवतात आणि अधिक वर्धनाखाली पेशी व जंतू पाहतात. मॅलासेझिया भुईमुगाच्या शेंगेसारखे, मधोमध चिमटलेले दिसते. स्टॅफिलोकॉकससारखे जीवाणू गोल ठिपक्यांसारखे, तर स्यूडोमोनास व त्याच्या जवळचे जीवाणू काडीसारखे दिसतात. पट्टीवर पांढऱ्या रक्तपेशी दिसल्या आणि त्यांच्या पोटात जीवाणू दिसले, तर शरीर त्या जीवाणूंशी लढत आहे, म्हणजे हा खरा संसर्ग आहे, असे समजते. नुसते चार-दोन यीस्ट दिसले आणि दाहाच्या पेशी नसल्या, तर ते नेहमीचे रहिवासी असू शकतात. या तपासणीला फार वेळ लागत नाही, आणि तिच्याशिवाय लिहून दिलेले औषध हा अंदाज असतो.

काही छोट्या दवाखान्यांत सूक्ष्मदर्शक नसतो. अशा वेळी डॉक्टरांना नम्रपणे विचारावे की काचपट्टी घेऊन प्रयोगशाळेकडे पाठवता येईल का, किंवा जिथे सूक्ष्मदर्शक आहे अशा ठिकाणी ते पाठवतील का. प्रश्न विचारल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही. मी स्वतः तीन प्रश्न वहीत लिहूनच नेतो : पडदा दिसला का, दिसला असल्यास तो शाबूत आहे का, काचपट्टीवर काय दिसले आणि किती, आणि मूळ कारण कोणते वाटते. या तिन्हींची उत्तरे तारखेसह लिहून घ्यावीत, कारण फेरतपासणीच्या वेळी तुलना याच ओळींशी करायची असते.

कल्चर, म्हणजे जीवाणू वाढवून कोणते प्रतिजैविक चालते हे पाहण्याची चाचणी, प्रत्येक वेळी लागत नाही. काडीसारखे जीवाणू दिसले, मध्यकर्णाचा संशय असला, किंवा योग्य उपचार पूर्ण करूनही कान बरा झाला नाही, तर ती करावी. तिचा अहवाल वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. अहवालातील “प्रतिरोधक” हा शेरा साधारणपणे औषध तोंडाने किंवा इंजेक्शनने दिल्यावर रक्तात जेवढे पोचते त्या प्रमाणावर ठरवलेला असतो. कानात थेट टाकलेल्या थेंबांत औषधाचे प्रमाण त्याहून कितीतरी जास्त असते. त्यामुळे अहवाल पाहून घाबरून आपल्या मनाने थेंब बदलू नयेत.

काळा मळ भरपूर असूनही पट्टीवर माइट सापडला नाही, असेही होते. काही मांजरांत मोजकेच माइट असतात आणि तरीही खाज तीव्र असते. अशा वेळी डॉक्टर माइटवरचा उपचार देऊन प्रतिसाद पाहतात. तो निर्णय योग्य असतो.

तपासा : दवाखान्यातून बाहेर पडताना वहीत निदान, औषधाचे नाव, थेंबांची संख्या, किती दिवस आणि फेरतपासणीची तारीख, या पाचही नोंदी असाव्यात. एखादी राहिली असेल तर परत आत जाऊन विचारावी.

## टप्पा ४ : मांजर धरणे

मांजराला टेबलावर किंवा आपल्या मांडीवर, तोंड आपल्यापासून दूर राहील असे बसवावे आणि टॉवेल मानेभोवतून घेऊन चारही पाय आत येतील असा गुंडाळावा, फक्त डोके बाहेर ठेवावे. एकाने धरावे आणि दुसऱ्याने काम करावे. घरातील ज्या व्यक्तीवर मांजराचा सर्वांत जास्त विश्वास आहे, बहुधा आई किंवा आजी, तिने धरायचे काम घ्यावे; मांजराला वास आणि आवाज ओळखीचा हवा असतो. मानेची कातडी पकडून उचलू नये. मांजर गुरगुरू लागले, कान मागे चिकटवून शेपटी आपटू लागले तर सोडून द्यावे आणि तासाभराने पुन्हा प्रयत्न करावा. धरणे दोन वेळा जमले नाही तर सफाई दवाखान्यातच करून घ्यावी. तीव्र वेदना असलेल्या मांजराला गुंगी देऊन सफाई करणे हीच त्याच्याशी माणुसकी आहे.

## टप्पा ५ : सफाई

सफाई तेव्हाच करावी जेव्हा डॉक्टरांनी ती सांगितली असेल आणि पडदा शाबूत असल्याची खात्री केली असेल. मळाचा थर राहिला तर औषध त्वचेपर्यंत पोचत नाही, म्हणून वाहत्या कानात सफाई गरजेची असते. पण फाटलेल्या पडद्यातून द्रावण मध्यकर्णात गेले, तर श्रवण आणि तोल या दोन्हींना इजा होऊ शकते. मांजराच्या मध्यकर्णातून डोळ्याकडे जाणारे मज्जातंतू जातात, त्यामुळे कान धुतल्यावर डोळ्याची बाहुली लहान होण्यासारखी लक्षणेही दिसू शकतात. म्हणून द्रावण डॉक्टर सांगतील तेच घ्यावे. पडद्याबद्दल शंका असेल तर बहुधा निर्जंतुक नॉर्मल सलाइन (मिठाचे सौम्य द्रावण) सुचवले जाते.

काम करताना क्रम असा ठेवावा.

१. द्रावणाची बाटली पाच मिनिटे कोमट पाण्यात ठेवावी आणि एक थेंब मनगटाच्या आतल्या बाजूवर टाकून पाहावा. तो थंडही लागू नये आणि गरमही लागू नये. थंड द्रव आत गेल्याने मांजराला भोवळ येते, आणि पुढच्या वेळी बाटली पाहताच ते पळते.

२. पाळी बोटांच्या चिमटीत अलगद धरून वर आणि किंचित मागे ओढावी, म्हणजे नलिकेचे तोंड उघडे राहते.

३. बाटलीचे टोक आत न घालता, कडेवर धरून, नलिका भरेल इतके द्रावण सोडावे. टोक कानाला लागले तर ते स्वच्छ गॉजने पुसावे, नाहीतर एका कानातील जंतू बाटलीत आणि तिथून दुसऱ्या कानात जातात.

४. पाळी न सोडता कानाच्या बुडाशी, जबड्याच्या वर, अंगठा आणि बोटाने वीस ते तीस सेकंद हळूवार मालिश करावी. पच्‌पच् असा आवाज आला म्हणजे द्रावण वळणापर्यंत पोचले आहे.

५. हात काढून मांजराला डोके झटकू द्यावे. वळणापलीकडचा मळ वर येतो तो या झटक्यानेच. हे रोखण्यासाठी डोके घट्ट धरून ठेवणे ही नेहमी दिसणारी चूक आहे.

६. बोटावर गॉज गुंडाळून वर आलेला मळ पुसावा. बोट जिथवर सहज जाते तिथवरच पुसावे, त्याखाली काही घालू नये. दुसऱ्या कानासाठी नवा गॉज घ्यावा.

गॉजवर मळ येतच राहिला तर एकदा पुन्हा हेच करावे, पण एका बैठकीत दोनदाहून अधिक नको. कान आजच चकचकीत व्हावा असा आग्रह धरू नये. सुजलेल्या नलिकेतील मळ काही दिवसांत टप्प्याटप्प्याने सुटतो. किती दिवसांनी पुन्हा धुवायचे हे डॉक्टर सांगतील. रोज धुतल्याने त्वचा ओली राहून मऊ पडते, आणि ते यीस्टच्या पथ्यावर पडते.

सावधान : हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, व्हिनेगर, लिंबाचा रस, हळदीचे पाणी, कापूर घातलेले तेल, लसणाचे तेल, कडुलिंबाचे तेल आणि टी-ट्री तेल यांपैकी काहीही मांजराच्या कानात जाऊ नये. पेरॉक्साइड आणि स्पिरिट सुजलेल्या त्वचेला जाळतात. काही वनस्पतिजन्य तेलांमधील घटक माणसाचे किंवा कुत्र्याचे यकृत निष्क्रिय करू शकते, पण मांजराच्या यकृतात ती क्षमता फार कमी असते; शिवाय मांजर पंजाने कान पुसते आणि पंजा चाटते, म्हणून कानात टाकलेले अखेर पोटात जाते. आपल्या घरांत तेल हा मायेचा उपचार मानला जातो, हे मी जाणतो. मांजराच्या बाबतीत ती माया हातात धरलेल्या टॉवेलातून दाखवावी.

तपासा : सफाईनंतर अर्धा तास मांजरावर लक्ष ठेवावे. दोन-चार वेळा डोके झटकणे अपेक्षित आहे. मान कलली, झोक जाऊ लागला किंवा उलटी झाली तर थेंब टाकू नयेत आणि डॉक्टरांना कळवावे.

## टप्पा ६ : औषध

सफाई आणि थेंब यांच्यात दहा ते पंधरा मिनिटांचे अंतर ठेवावे. लगेच टाकलेले औषध उरलेल्या द्रावणात पातळ होते किंवा मांजराच्या पहिल्याच झटक्यात भिंतीवर जाते. बाटली हलवून घ्यावी, सांगितलेले थेंब मोजून टाकावेत, पुन्हा बुडाशी मालिश करावी आणि लगेच खाऊ द्यावा. कानाचे बहुतेक थेंब तीन औषधांचे मिश्रण असतात : जीवाणूंवरचे, यीस्टवरचे आणि सूज कमी करणारे स्टेरॉइड. सूज उतरली की नलिका उघडते आणि मळ बाहेर येऊ लागतो. म्हणून स्टेरॉइडचे नाव वाचून घाबरून ते बंद करू नये, आणि खाज थांबते म्हणून तेच तेवढे वापरतही राहू नये.

सर्वांत मोठी चूक औषध लवकर थांबवण्याची आहे. चार-पाच दिवसांत वास जातो, मांजर खाजवायचे थांबते आणि बाटली कपाटात जाते. वास जाणे म्हणजे जंतूंची संख्या घटली, एवढेच. यीस्ट आणि जीवाणूंच्या संसर्गाला साधारण दोन ते चार आठवडे उपचार लागतात, आणि तो कधी थांबवायचा हे काचपट्टी ठरवते. मध्यकर्णातील संसर्गाला त्याहून बराच अधिक काळ लागतो.

दुसरी चूक त्या कपाटातल्या बाटलीचीच. जेन्टामायसिन आणि निओमायसिन ही प्रतिजैविके अनेक थेंबांत असतात. पडदा फाटलेला असताना ती आत गेली तर बहिरेपण येऊ शकते. सहा महिन्यांपूर्वी शाबूत असलेला पडदा आज शाबूत असेलच असे नाही, म्हणून जुनी बाटली नव्या दुखण्याला वापरू नये. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी आणि वेष्टनावर दिलेल्या तापमानात ती ठेवावी. नाशिकच्या एप्रिल-मेच्या दुपारी गाडीत राहिलेली बाटली टाकून द्यावी. थेंब सुरू असताना रोज मांजराच्या पाठीमागून खाऊचे पाकीट वाजवून पाहावे. नेहमी धावत येणारे मांजर वळेनासे झाले तर औषध थांबवून लगेच फोन करावा.

सावधान : कुत्र्यांसाठीची मानेवर टाकायची पिसवा-गोचिडांवरची औषधे मांजराला कधीही लावू नयेत. त्यांतील काहींमध्ये असलेले पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मांजराला झटके आणते आणि जीवही घेऊ शकते. निफाड-सिन्नरकडच्या गोठ्यांत गुरांसाठी आयव्हरमेक्टिन या परजीवीनाशकाचे इंजेक्शन सहज मिळते आणि “एक थेंब पुरे” असा सल्लाही मिळतो; ते गुरांच्या वजनासाठी बनवलेले तीव्र द्रावण आहे, आणि मांजराच्या पिल्लाच्या बाबतीत एका थेंबाच्या चुकीलाही वाव नसतो.

## टप्पा ७ : मूळ कारण

माइट सापडला तर उपचार त्या एका मांजराचा नसतो, घरातील प्रत्येक मांजराचा आणि कुत्र्याचाही असतो, मग त्यांना खाज असो वा नसो. माइट एका प्राण्यावरून दुसऱ्यावर सहज जातो. अंड्यापासून पूर्ण वाढ होईपर्यंत त्याला सुमारे तीन आठवडे लागतात, आणि बरेच उपचार अंड्यांना मारत नाहीत. म्हणून आठवडाभराच्या थेंबांनी मेलेल्या माइटची जागा पुढची पिढी घेते. शिवाय मांजर अंगाची गुंडाळी करून झोपते, त्यामुळे माइट मानेवर आणि शेपटीच्या बुडाशीही फिरतात, जिथे कानाचे थेंब पोचत नाहीत. सेलामेक्टिनसारखे मानेवर लावायचे औषध संपूर्ण शरीरावर काम करते, म्हणून डॉक्टर बहुधा तेच देतात. लहान पिल्लांसाठी वयाची मर्यादा असते. ती विचारून घ्यावी. त्याच दिवशी अंथरुणे गरम पाण्यात धुवावीत. जुन्या नाशिकच्या वाड्यांत, जिथे चार घरांचे मांजर एकच असते आणि गल्लीतील बोके स्वयंपाकघरापर्यंत येतात, तिथे शेजाऱ्यांशी बोलून सर्वांनी एकाच आठवड्यात उपचार करावा. नाहीतर एका घरातून बरे झालेले मांजर दुसऱ्या घरातून पुन्हा माइट घेऊन येते.

माइट नसेल आणि दोन्ही कान वारंवार बिघडत असतील तर ॲलर्जीचा शोध घ्यावा लागतो. आधी पिसवांचा बंदोबस्त, मग आहाराची चाचणी. त्या चाचणीत किमान आठ आठवडे डॉक्टरांनी ठरवलेले एकच अन्न द्यायचे असते, आणि त्या काळात दुधाची वाटी, बोंबलाचा तुकडा, पाहुण्यांनी दिलेले बिस्किट, काहीही चालत नाही. एका तुकड्याने चाचणी बिघडते आणि दिवस पहिल्यापासून मोजावे लागतात. पावसाळ्यातील दमट हवेवर दोष टाकून हा शोध टाळू नये. ओलाव्याने यीस्टला बळ मिळते हे खरे, पण पोहायला न जाणाऱ्या मांजराचा कान केवळ हवेने बिघडणे विरळा.

गाठ किंवा मध्यकर्णाचा संशय असेल तर सीटी स्कॅन किंवा कानाच्या एंडोस्कोपीसाठी मुंबई किंवा पुणे गाठावे लागू शकते. तोल गेलेल्या मांजराला कसारा घाटाची वळणे फार त्रासाची होतात. मळमळीवरचे औषध आणि निघण्यापूर्वी किती तास अन्न द्यायचे नाही, हे डॉक्टरांना आधीच विचारावे. कॅरिअरमध्ये टॉवेलची वळकटी लावावी, म्हणजे मांजराला अंग टेकवायला आधार मिळतो.

पांढऱ्या कानांच्या मांजरांबद्दल इथेच सांगतो. गच्चीवरील उन्हात रोज पहुडणाऱ्या पांढऱ्या मांजराच्या पाळीच्या टोकाला बरी न होणारी खपली दिसली तर ती जंतुसंसर्ग समजून मलम लावत बसू नये. उन्हाने होणारा त्वचेचा कर्करोग नेमका तिथेच सुरू होतो आणि लवकर दाखवला तर आटोक्यात येतो.

## टप्पा ८ : फेरतपासणी

दोन ते तीन आठवड्यांनी, औषध सुरू असतानाच, ठरलेल्या तारखेला परत जावे. मांजर बरे दिसत असले तरी जावे. त्या दिवशी आणि आदल्या दिवशी कान धुऊ नये. पुन्हा काचपट्टी करून घ्यावी आणि पहिल्या नोंदीशेजारी तिची नोंद लिहावी : यीस्ट किती, जीवाणू कोणते, दाहाच्या पेशी आहेत की गेल्या, पडदा दिसला की नाही. पहिल्या भेटीत सुजेमुळे न दिसलेला पडदा बऱ्याचदा या भेटीत दिसतो, आणि त्यामागे लपलेली गाठही. पट्टी स्वच्छ असेल आणि नलिकेची सूज उतरली असेल तर डॉक्टर औषध थांबवतात. पट्टीवर तेच जंतू त्याच संख्येने असतील तर थेंब बदलण्याआधी दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगाव्यात : किती वेळा औषध चुकले, आणि किती वेळा ते नलिकेत न जाता केसांवर सांडले. डॉक्टर त्यावर रागावत नाहीत. पण हे न सांगितल्यास एक चांगले औषध निरुपयोगी ठरवून त्याहून तीव्र औषध सुरू केले जाते.

औषध थांबल्यानंतर पुढचे दोन महिने आठवड्यातून एकदा फक्त टॉर्चने दोन्ही कान पाहावेत, वास घ्यावा आणि तारीख लिहावी. द्रावणाला हात लावू नये. वहीत सलग आठ नोंदी “कोरडा, वास नाही” अशा झाल्या की ही पाहणी महिन्यातून एकदा केली तरी चालते.